घरोघरी निधी गोळा करण्याचा परवाना : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४

सोमवार, ५ ऑगस्ट

विश्वस्तांची बैठक झाली. ऑक्टोबरात दोन आठवडे घरोघरी जाऊन निधी गोळा करायचा, असं ठरलं. परवान्याचं काम माझ्याकडे आलं आहे, म्हणून ही वही सुरू करते. इंग्लंडमधल्या दुसऱ्या एखाद्या छोट्या संस्थेला हेच करायचं असेल, तर तिला आमच्या वाटेवरचे खड्डे आधीच दिसावेत.

आमचं काम थोडक्यात सांगते. डायलिसिसच्या रुग्णांना आम्ही घरून रुग्णालयात नेतो आणि परत आणतो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास यंत्राला जोडलेलं राहायचं आणि मग थकलेल्या शरीराने बससाठी उभं राहायचं, हे सत्तरीतल्या माणसाला जमत नाही. आमचे चालक स्वतःची गाडी काढतात. आम्ही त्यांना मैलामागे ४५ पेन्स देतो, कारण कर खात्याच्या नियमात तेवढे दिले तर चालकाला त्यावर कर बसत नाही. आमची सरासरी फेरी १८ मैलांची, म्हणजे ८ पौंड १० पेन्स. हा आकडा मी मुद्दाम पहिल्याच पानावर लिहिला आहे. पुढे कुणी दारात विचारलं, "माझ्या पैशाचं काय होणार?", तर उत्तर याच आकड्यात द्यायचं आहे.

काकांनी बैठकीत विचारलं, "अगं, चांगल्या कामासाठी दोन पैसे मागायचे, त्याला परवाना कशाला? संस्था नोंदणीकृत आहे ना?" प्रश्न रास्त आहे आणि पुष्कळांना तो पडत असणार. चॅरिटी कमिशनकडे नोंदणी असणं वेगळं आणि लोकांच्या दारात जाऊन मागण्याची परवानगी वेगळी. पहिलीने दुसरी मिळत नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

दोन संध्याकाळी कायदा वाचण्यात गेल्या. मूळ कायदा 'हाउस टू हाउस कलेक्शन्स ॲक्ट', १९३९ चा, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडंसंच आधीचा. त्याखालचे सविस्तर नियम १९४७ चे. हे सगळं बदलायचे प्रयत्न १९९२ आणि २००६ च्या चॅरिटी कायद्यांत झाले, पण ती कलमं अमलात आलीच नाहीत. त्यामुळे आजही आमच्या डब्यावर, बिल्ल्यावर आणि वेळापत्रकावर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या ओळींचं राज्य आहे.

वाचताना ज्या गोष्टी मी आधी चुकीच्या समजत होते, त्या लिहून ठेवते.

'घर' या शब्दात धंद्याची जागाही येते. म्हणजे एकामागून एक दुकानांत आणि ऑफिसांत डबा घेऊन गेलो, तरी ते घरोघरीच. रस्त्यात उभं राहून डबा हलवणं मात्र वेगळं. त्याला १९१६ च्या दुसऱ्याच कायद्याखाली स्वतंत्र परवानगी लागते. पैसे नकोत, जुने कपडे द्या, असं म्हटलं तरी सुटका नाही, कारण कायद्यात 'पैसे किंवा इतर मालमत्ता' असे शब्द आहेत. आणि मोबदल्यात काही दिलं, समजा एखादं शुभेच्छापत्र विकलं आणि पैसे संस्थेला जातील असं सांगितलं, तरीही परवाना लागतोच.

पळवाटा नव्हेत, पण दोन रीतसर अपवाद आहेत. देशभर काम करणाऱ्या मोठ्या संस्थांना सरकार एकदाच सूट देतं, मग त्यांना प्रत्येक कौन्सिलकडे, म्हणजे परवाना देणाऱ्या स्थानिक नगरपालिकेसारख्या संस्थेकडे, जावं लागत नाही. दुसरा अपवाद लहान, स्थानिक आणि थोड्या काळात उरकणाऱ्या संकलनासाठी : पोलीस प्रमुखांचं प्रमाणपत्र मिळालं, तर परवान्याची गरज नाही. एका गल्लीसाठी, एका शनिवारसाठी ते ठीक. आमचे दोन आठवडे आणि नऊशेच्या आसपास घरं आहेत. आम्ही परवानाच घेणार.

लंडनमधली एक मैत्रीण अशाच कामात आहे. तिथे मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या हद्दीत परवाना देण्याचं काम पोलिसांकडे आहे. आमच्याकडे ते डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे.

मंगळवार, १३ ऑगस्ट

कौन्सिलच्या परवाना विभागाला फोन केला. फोनवरच्या बाई शांतपणे आणि नीट बोलल्या. अर्जाला फी नाही, हे ऐकून बरं वाटलं. पुढचं वाक्य ऐकून मात्र मी खुर्चीत सरळ बसले.

ज्या महिन्यात संकलन सुरू करायचं, त्याच्या आदल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत अर्ज पोचायला हवा. ऑक्टोबरात निघायचं तर १ सप्टेंबर. यंदा १ सप्टेंबरला रविवार आहे. मध्ये २६ ऑगस्टचा सोमवार बँक हॉलिडेचा. म्हणजे आमच्या हातात शुक्रवार, ३० ऑगस्टपर्यंतचाच वेळ. विशेष कारण असेल तर उशिरा आलेला अर्ज घ्यायची मुभा कौन्सिलला आहे, पण 'आम्हाला माहीत नव्हतं' हे विशेष कारण होत नाही, हे मी न विचारताच समजून घेतलं.

हा नियम लोक सर्रास चुकतात, असं त्या बाई म्हणाल्या. एखादी संस्था सप्टेंबरच्या मध्यावर फोन करते, सगळी तयारी झालेली असते, पत्रकंसुद्धा छापून झालेली असतात, आणि मग त्यांना नोव्हेंबरची तारीख धरावी लागते. मी कॅलेंडरवर ३० ऑगस्टला लाल गोल केला आणि सगळ्या विश्वस्तांना त्याचा फोटो पाठवला.

सोमवार, १९ ऑगस्ट

अर्ज भरायला बसलो. मी, खजिनदार बाई आणि काका. नावं, पत्ते, कुठल्या तारखांना, किती लोक, पूर्वी कुठे परवाना नाकारला गेला आहे का, कुणाला शिक्षा झाली आहे का, हे सगळं अर्ध्या तासात झालं. अडलो ते एकाच रकान्यावर, आणि तिथे दोन तास गेले : किती जमेल, त्यातला खर्च किती, आणि प्रत्यक्ष कामाला किती जाणार.

हा रकाना वरवरचा नाही. परवाना कुठल्या कारणांनी नाकारता येतो, हे कायद्यात मोजून दिलं आहे, आणि त्यातलं पहिलंच कारण हे : जमलेल्या पैशांच्या मानाने चांगल्या कामाला जाणारा हिस्सा अपुरा असेल, तर परवाना नाही. दुसरं कारणही त्याचाच भाऊ : गोळा करणाऱ्यांपैकी कुणी अवाच्या सव्वा मोबदला घेत असेल, तर नाही. बाकीची कारणं माणसांच्या चारित्र्याची आणि निष्काळजीपणाची. म्हणजे कायदा करणाऱ्यांना सगळ्यात जास्त काळजी होती, ती दारात दिलेलं नाणं वाटेत कुठे जिरतं याची. मला हे फार योग्य वाटतं.

काका म्हणाले, "खर्च शून्य लिही. आपण कुणालाच पैसे देत नाही." खजिनदार बाईंनी मान हलवली. बिल्ले लागणार, डब्यांवरची सीलं लागणार, लेबलं लागणार, घरांचे नकाशे छापायचे. हे पैसे कुठून तरी जाणारच. दुसऱ्या खात्यातून भरले, तरी ते या कामाचेच. शून्य लिहिणं म्हणजे खर्च लपवणं. शेवटी आम्ही लिहिलं : अपेक्षित जमा २,००० पौंड, खर्च १४० पौंड, म्हणजे सात टक्के. खाली दोन ओळींत खर्चाची फोडही दिली. मोबदला : कुणालाही नाही.

काकांनी तो आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "सात टक्के सांगायला लाज नाही वाटायची." मलाही नाही वाटणार.

गुरुवार, २२ ऑगस्ट

एका स्वयंसेवकाने चांगली कल्पना मांडली. आधी घरोघरी पाकिटं टाकायची आणि चार दिवसांनी ती गोळा करायला जायचं. लोकांना विचार करायला वेळ मिळतो, दारात संकोच होत नाही, आणि पाकिटावर 'गिफ्ट एड' या सरकारी योजनेचा मजकूर छापला तर करदात्याच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात.

सगळ्यांना पटलं. मी मात्र रात्री १९४७ चे नियम पुन्हा काढले. पाकिटांची पद्धत तिथे वेगळी काढून ठेवली आहे आणि तिला नुसता कौन्सिलचा परवाना पुरत नाही, सरकारची स्वतंत्र परवानगीही लागते. त्यासाठी कार्याचं महत्त्वही मोठं असावं लागतं. कारण समजण्यासारखं आहे : डब्याला सील असतं, पाकीट कुणीही उघडून पुन्हा चिकटवू शकतं. आमच्या आकाराच्या संस्थेने आणि या वेळेत त्या वाटेला जाऊ नये, असं मी कळवलं. त्याने समजूतदारपणे मान्य केलं.

पाकिटं सोडली तर त्या नियमांना फक्त दोनच साधनं ठाऊक आहेत, सीलबंद डबा आणि पावती पुस्तक. पावती पुस्तक घेतलं तर देणाऱ्याचं नाव आणि रक्कम पावतीवर आणि स्थळप्रतीवर दोन्हीकडे लिहून, सही करून, पावती तिथल्या तिथे हातात द्यायची. पावसात, दारात उभ्या उभ्या ते अवघड. आम्ही डबाच घ्यायचं ठरवलं.

बुधवार, २८ ऑगस्ट

अर्ज पाठवायच्या आधी काकांना रस्त्यांची यादी तपासायला दिली होती. त्यांनी एक गोष्ट पकडली, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

आमच्या यादीतला सगळ्यात लांब रस्ता शेवटाकडे वळतो आणि ओढा ओलांडतो. ओढ्यापलीकडची घरं शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत आहेत. रस्त्याचं नाव तेच, टपालही एकाच पेटीतून जातं, पण कचऱ्याच्या डब्यांवरचं चिन्ह वेगळं. काकांना ते फिरायला जाताना दिसलं होतं. परवाना फक्त देणाऱ्या कौन्सिलच्या हद्दीतच चालतो. पलीकडे एक दार जरी वाजवलं असतं, तरी ते विनापरवाना संकलन झालं असतं आणि तो गुन्हा आहे. शेजारच्या कौन्सिलकडे वेगळा अर्ज करण्याइतकी ती घरं नव्हती. ती सोडली. नकाशावर ओढ्याच्या रेषेवर लाल पट्टी मारली आणि खाली लिहिलं, 'इथून परत फिरा'.

अर्ज गेला. पोच आली.

सोमवार, १६ सप्टेंबर

कौन्सिलकडून विचारणा : गेल्या वर्षीचा जमाखर्च आणि विश्वस्तांच्या संमतीचं पत्र. दोन्ही तयार होतं, त्याच दिवशी पाठवलं. मागितलेली माहिती न देणं किंवा टाळाटाळ करणं हेसुद्धा परवाना नाकारण्याचं कारण आहे, त्यामुळे असल्या पत्राला उद्यावर टाकू नये.

मंगळवार, २४ सप्टेंबर

परवाना मिळाला. १२ ते २७ ऑक्टोबर. एकच पान. नाकारला असता तर चौदा दिवसांत मंत्र्यांकडे दाद मागता आली असती. त्याची वेळ आली नाही.

लगेच बिल्ल्यांची आणि अधिकारपत्रांची मागणी नोंदवली. हे आपल्या मनाने घरच्या प्रिंटरवर छापायचे नाहीत. नमुना नियमांत ठरलेला आहे आणि ते सरकारी छापील कागद विकणाऱ्या स्टेशनरी ऑफिसकडून घ्यायचे. चौदा स्वयंसेवक, चौदा बिल्ले, चौदा अधिकारपत्रं. दोन जास्त मागवायचा मोह झाला. मागवले नाहीत. नको त्या माणसाच्या हाती बिल्ला जाऊ नये याची जबाबदारी माझी आहे, आणि कुणाच्याही नावाचा नसलेला बिल्ला कपाटात ठेवणं हा त्या जबाबदारीतला पहिला ढिलेपणा ठरला असता.

सोमवार, ३० सप्टेंबर

आज एक अवघड बोलणं झालं. आमच्या एका चालकाची मुलगी पहिल्या बैठकीपासून येते आहे. तिच्या आजोबांचं डायलिसिस याच रुग्णालयात व्हायचं. घरांचे नकाशे तिनेच काढले, तेही किती सुबक : प्रत्येक फाटकाला चौकोन, 'नो कोल्ड कॉलिंग'ची, म्हणजे 'न बोलावता दारात येऊ नका' अशी, पाटी असलेल्या घराला काळा चौकोन. त्या दारांवर जायचं नाही, असं निधी उभारणीची आचारसंहिता सांगते, म्हणून ती सायकलवरून सगळ्या रस्त्यांवर फिरून पाट्या पाहून आली होती.

ती पंधरा वर्षांची आहे. सोळा पूर्ण झाल्याशिवाय घरोघरी गोळा करता येत नाही.

मी सांगितल्यावर ती म्हणाली, "ताई, नोव्हेंबरात होतील सोळा. एकच महिना आहे." मी म्हटलं, "हो बाळा, पण परवाना ऑक्टोबरचा आहे." ती काही बोलली नाही. मग विचारलं, "डब्यांना लेबलं मी लावू?" लेबलं तिनेच लावली, क्रमांकही तिच्याच हातचे. एक ते चौदा.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सगळ्यांची तयारी. सकाळी दहा ते एक.

आधी सह्या. प्रत्येकाने आपल्या अधिकारपत्रावर आणि बिल्ल्यावर सही करायची. बिल्ला कोटावर, दिसेल असा. कोटाच्या आत घातलेल्या स्वेटरवर नाही, कारण थंडी वाढली की चेन वर ओढली जाते. अधिकारपत्र खिशात, आणि घरच्या माणसाने मागितलं की दाखवायचं. पोलिसाने विचारलं, तर नाव-पत्ता सांगून सही करून द्यायची. तो अधिकार कायद्याने पोलिसाला आहे, त्यात अपमान वाटून घेऊ नये.

मग डबे. झाकण बंद करून सील असं लावायचं की ते तोडल्याशिवाय डबा उघडणार नाही. डब्यावर कामाचं नाव आणि क्रमांक. हा क्रमांक, स्वयंसेवकाचं नाव, त्याचा पत्ता आणि त्याला दिलेला भाग यांची यादी माझ्याकडे.

देणाऱ्याने पैसे स्वतः डब्यात टाकायचे. आपण हातात घेऊन टाकायचे नाहीत. हे मी तीनदा सांगितलं, कारण म्हातारं माणूस हातात नाणी ठेवतं तेव्हा ती घेण्यासाठी हात आपोआप पुढे होतो. हात मागे ठेवायचा आणि डबा पुढे करायचा. आम्ही दोघा-दोघांत सराव केला.

आणि 'नको' म्हटलं की निघायचं. नियमातले शब्द स्पष्ट आहेत : कुणाला त्रास होईल इतकं मागे लागायचं नाही, आणि घरातल्या माणसाने जा म्हटल्यावर दारात थांबायचं नाही. रात्री नऊनंतर दार वाजवायचं नाही, ही आचारसंहितेतली मर्यादा. आम्ही ती स्वतःपुरती साडेसहावर आणली. ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो, आणि अंधारात अनोळखी माणूस दारात आला की एकट्या राहणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पहिला दिवस. माझ्या भागात एकतीस दारं. अकरा बंद, सहा 'नको', एक सोडून बाकीच्यांनी दिलं. ते एक दार सविस्तर लिहिण्यासारखं आहे.

बुटकं फाटक, दाराला साखळी. साखळी न काढता दार चार बोटं उघडलं आणि एका वृद्ध बाईंचा चेहरा दिसला. मी नाव सांगितलं, संस्था सांगितली. त्या म्हणाल्या, "बिल्ला कुणीही लावतं. कागद आहे?" मी अधिकारपत्र फटीत धरलं. त्यांनी "थांबा" म्हणून आतून भिंग आणलं. कागद मी सोडला नाही आणि त्यांनी ओढलाही नाही. फटीच्या अलीकडे माझी दोन बोटं आणि पलीकडे त्यांचं भिंग, असे आम्ही दोघी उभ्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. माझी सही बिल्ल्यावरच्या सहीशी ताडून पाहिली. मग म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. त्यानेही लहान मुलांसाठी म्हणून सांगितलं होतं. कागद मागितला नाही मी."

किती दिले होते, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

"कौन्सिलला विचारलं तर चालेल?" मी म्हटलं, "जरूर विचारा. आज शनिवार आहे, सोमवारी ऑफिस उघडेल." परवान्याचा तपशील त्यांना एका चिठ्ठीवर लिहून दिला. "सोमवारी या," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

शेजारच्या दारी मी जरा वेळाने गेले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

गेले. या वेळी साखळी काढलेली होती. त्यांनी कौन्सिलला फोन केला होता, आणि तिथल्या बाईंनी संस्थेचं नाव आणि तारखा वाचून दाखवल्या होत्या. त्यांनी एकेक नाणं डब्यात टाकलं आणि प्रत्येकाचा आवाज ऐकला. मग विचारलं, "शेवटी किती जमलं, ते मला कळवाल?"

मी हो म्हटलं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे विसर पडणार नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दोन घटना, दोन्ही आमच्याच बाजूच्या.

नऊ क्रमांकाच्या डब्याचं सील गाडीतून उतरताना दाराच्या कडेला अडकून तुटलं. ज्यांच्या हातात डबा होता, त्या बाई रडकुंडीला आल्या. पैसे गेले नव्हते, पण सील तुटलेला डबा तसाच ठेवायचा नाही. त्यांनी तिथूनच फोन केला, मी आणि खजिनदार बाई दहा मिनिटांत पोचलो, दोघींच्या समोर डबा उघडून मोजला : ६१ पौंड १५ पेन्स. यादीत डब्याचा क्रमांक, रक्कम, वेळ, कारण आणि दोघींच्या सह्या. नवं सील लावलं. मी त्यांना सांगितलं की त्यांनी केलं ते बरोब्बर केलं. घरी नेऊन टेप लावून ठेवला असता, तर कुणालाच काही सिद्ध करता आलं नसतं.

दुसरं : एका घरून तक्रार आली की आमचे एक स्वयंसेवक 'नको' म्हटल्यावरही कामाची माहिती सांगत राहिले. त्यांचा हेतू चांगला होता, पण घरच्या माणसाला तो कसा दिसणार? मी त्या घरी माफीचं पत्र लिहिलं. त्या स्वयंसेवकांशी बोलले. त्यांनी स्वतःहून आपले उरलेले दोन दिवस दारोदार न जाता टेबलावरचं काम मागून घेतलं.

सोमवार, २८ ऑक्टोबर

काल शेवटचा दिवस. घड्याळंही कालच एक तास मागे गेली, त्यामुळे पाचनंतर कुणालाच बाहेर ठेवलं नाही.

आज मोजणी. डबा उघडताना एक आयोजक आणि आणखी एक जबाबदार व्यक्ती हजर हवी. मी आणि खजिनदार बाई. सील पाहायचं, क्रमांक वाचायचा, तोडायचं, ओतायचं, मोजायचं, यादीत लिहायचं, दोघींनी सही करायची, मगच पुढचा डबा. डबे एकत्र ओतून मोजले असते तर तासाभरात झालं असतं. तसं करायचं नाही, कारण मग कुठल्या डब्यात किती, हे कायमचं पुसलं जातं.

एकूण १,४८६ पौंड ३७ पेन्स. चार क्रमांकाच्या डब्यात घडी घातलेली पन्नासची एक नोट निघाली. कुणी टाकली ते कळणार नाही.

खर्च १३१ पौंड २० पेन्स, जमेच्या ८.८३ टक्के. आम्ही अर्जात सात लिहिले होते. खर्च अंदाजापेक्षा कमीच झाला, पण जमा दोन हजारांपर्यंत पोचली नाही, म्हणून टक्का वाढला. पुढच्या वेळी जमेचा अंदाज दीड हजार धरायचा. उरले १,३५५ पौंड १७ पेन्स. पहिल्या पानावरच्या आकड्याने भागलं : १६७ फेऱ्या.

यावर आणखी थोडं मिळेल. डब्यातल्या निनावी रोख देणग्यांसाठी कर खात्याची एक योजना आहे. तीस पौंड किंवा त्याहून कमी अशा देणग्यांवर, वर्षाला ८,००० पौंडांच्या मर्यादेत, २५ टक्के भर मिळते. अट अशी की त्याच वर्षात गिफ्ट एडचा दावाही त्याच्या किमान एक दशांश असायला हवा. तो आमचा आहे. पन्नासची नोट मात्र तिशीच्या वर जाते, म्हणून ती वगळून १,४३६ पौंड ३७ पेन्सवर दावा : ३५९ पौंड ९ पेन्स.

सोमवार, १८ नोव्हेंबर

कौन्सिलला हिशेब दिला. परवाना संपल्यापासून एका महिन्यात द्यायचा असतो, म्हणजे आमची मुदत २७ नोव्हेंबर. ठरलेल्या नमुन्यात जमा, खर्च, उरलेले पैसे कुणाला आणि कधी दिले. खाली माझी सही आणि संस्थेशी संबंध नसलेल्या एका जाणत्या माणसाची तपासनीस म्हणून सही. डब्यांची यादी जोडली. नऊ क्रमांकाच्या डब्याची नोंद दोनदा आहे. कौन्सिलमधून कुणी विचारलं, तर उत्तर शेजारीच लिहिलेलं आहे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

हिशेब मान्य झाल्याचं कळलं. चौदाही बिल्ले आणि अधिकारपत्रं परत आली होती, ती मोजून कातरीने बारीक तुकडे करून नष्ट केली. काका आणि ती मुलगी मदतीला होते. तिचा सोळावा वाढदिवस गेल्या आठवड्यात झाला. पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी मी नवी यादी उघडली, तेव्हा तिने पंधरावं नाव स्वतःच लिहिलं.

संध्याकाळी बुटक्या फाटकाच्या घरी जाऊन आले. दार वाजवलं नाही, परवाना संपला आहे. हिशेबाच्या पानाची प्रत पाकिटात घालून, वर 'तुम्ही विचारलं होतं' एवढंच लिहून दाराच्या फटीतून आत सोडली.